घरातली माणसे आणि घरची माणसे

एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या किती, हा तसा एका ओळीत उत्तर देण्याचा प्रश्न. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. मुलांकडून आम्ही अशी उत्तरे पाठच करून घेत असू. जिल्ह्याचे तालुके किती, क्षेत्रफळ किती, लोकसंख्या किती. मुले घडाघडा म्हणून दाखवत आणि परीक्षा झाली की विसरून जात. आज मला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे, पण जरा सावकाशीने. जिल्हा आहे रत्नागिरी, आणि या जिल्ह्याचे उत्तर एका ओळीत मावत नाही.

सुरुवात पाठ्यपुस्तकासारखीच करू. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत पसरलेला हा जिल्हा, क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके. गावांची संख्या दीड हजाराच्या वर. शंभरातली त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी माणसे खेड्यात राहणारी. खेड्यांतली एकूण वस्ती साडेतेरा लाखांच्या आसपास. म्हणजे गावामागे सरासरी नऊशेच्या आतबाहेर माणसे. देशावर एवढ्या वस्तीला लोक ‘लहान गाव’ म्हणतील. आमच्याकडे एवढ्या माणसांत सात-आठ वाड्या असतात, दोन देवळे असतात आणि मध्ये एक पऱ्या वाहत असतो.

आता लोकसंख्या. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली आणि ११ कोटी २३ लाखांच्या वर गेली. राज्य वाढत होते आणि आमचा जिल्हा आटत होता. दक्षिणेचा शेजारी सिंधुदुर्ग, जो १ मे १९८१ रोजी आमच्यातूनच वेगळा झाला, त्याचीही तीच गत. तो ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला.

त्या दशकात महाराष्ट्रात आणखी एकाच जिल्ह्याची लोकसंख्या घटली, आणि तो कोणता हे ऐकून नवल वाटेल. तो मुंबई शहर जिल्हा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई. ती ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. कोकणातले दोन जिल्हे आणि जुनी मुंबई एकाच वेळी रोडावली, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. गिरणगावातल्या चाळींत ज्यांच्या आज्या-पणज्यांनी संसार केले, त्या घरांची नाळ आमच्याच गावांत होती. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि माणसे डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरारकडे सरकली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा छत्तीस टक्क्यांनी वाढला आणि एक कोटी दहा लाखांच्या वर गेला. आटलेले पाणी कुठे गेले याचा शोध असा लागतो.

हे जाणे-येणे आजचे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरीची माणसे बोटीने तिकडे जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईत बाहेरून आलेल्यांत रत्नागिरीत जन्मलेल्यांचा आकडा सर्वांत मोठा दिसतो. पुरुष गिरणीत, गोदीत, पोलिसांत. बायको, मुले, म्हातारी माणसे गावी. महिन्याच्या महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा आणि दुकानदाराची उधारी फिटायची. मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा, असे आम्हाला लोक म्हणत, आणि आम्हीही ते हसून कबूल करत असू.

जनगणनेत त्याची खूण दिसते ती बायकांच्या संख्येत. २०११ मध्ये महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ११२२. पुरुषांपेक्षा ९२,८२७ स्त्रिया जास्त. हा आकडा घेऊन पुष्कळ भाषणे झाली आहेत. कोकणात मुलीचे कसे स्वागत होते, लेकीबाळींना कसा मान आहे वगैरे. ऐकायला बरे वाटते. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तक्ता आहे. त्यात हजार मुलग्यांमागे ९३६ मुली आहेत. दहा वर्षांपूर्वी त्या ९५२ होत्या. म्हणजे जन्माला येताना आणि लहानपणी मुली कमीच आहेत, आणि आणखी कमी होत चालल्या आहेत. मोठेपणी बायका जास्त दिसतात, कारण पुरुष जागेवर नाहीत. ११२२ या आकड्याचा अर्थ मान असा लावण्यापेक्षा वाट बघणे असा लावलेला बरा.

आणि तोही आकडा उतरतो आहे. १९९१ मध्ये हजार पुरुषांमागे १२०५ स्त्रिया होत्या, २००१ मध्ये ११३६, मग ११२२. पुरुष परत आले म्हणून तो उतरला असता तर लोकसंख्या वाढली असती. माझा अनुभव असा की आता पुरुषामागून बायकोही जाते. पूर्वी दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ पुरुष राहायचे, खानावळीत जेवायचे, तिथे बायकोला जागा नव्हती. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपाने ते जग मोडले. त्यानंतरची पिढी वसई-विरारला लहानसा का होईना पण स्वतःचा फ्लॅट घेते आणि बायको-मुलांना घेऊन जाते. त्यात चुकीचे काही नाही. कुटुंब एकत्र राहिले हे चांगलेच झाले. पण गावातल्या घराला कुलूप लागले, आणि ज्या घराला लागले नाही त्यात दोन म्हातारी माणसे राहिली.

जन्मही कमी झाले आहेत, हे खरे. पण जन्म कमी झाले की वाढ मंदावते. चालू पिढीतच एवढी घट व्हायची तर माणसे बाहेर जावी लागतात.

आता मी जिथे स्वतः होतो तिथे येतो. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत मी प्रगणक होतो. शिक्षकाला हे काम चुकत नाही. नजरी नकाशा काढायचा, घरांना क्रमांक द्यायचे आणि फेब्रुवारीत दारोदार जाऊन कुटुंबाची माहिती भरायची. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरची माहिती गुप्त असते, म्हणून गाव आणि घर सांगत नाही. पण त्या कामात एका दारात मला जो प्रश्न विचारला गेला, तो मी बारा गावांत ऐकला आहे, तेव्हा तो कुणा एकाचा राहिलेला नाही.

मी विचारले, ‘काकी, घरात किती माणसं?’

त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, घरातली सांगू का घरची?’

घरात दोन माणसे होती. घरची मोजायला त्यांना दोन्ही हातांची बोटे लागली. थोरला डोंबिवलीला, त्याची बायको, दोन मुले. धाकटा नालासोपाऱ्याला. मधला सुरतेला. त्यांच्या दृष्टीने ही सगळी त्या घरची माणसे होती. चुलीवर त्यांचा तांदूळ शिजत नव्हता एवढेच. माझ्या तक्त्यात जागा होती ती फक्त घरातल्यांना.

तक्त्याचेही बरोबर होते. जनगणनेचा नियम असा की माणूस नेहमी जिथे राहतो तिथे, त्या मुदतीत तो असला तर, त्याला मोजायचे. एक माणूस एकदाच, एकाच जागी. २०११ मध्ये ही मुदत ९ ते २८ फेब्रुवारी होती. १ मार्चच्या आरंभीची मध्यरात्र हा संदर्भक्षण, आणि ५ मार्चपर्यंत पुन्हा एक फेरी. मधल्या काळात कोण जन्मले, कोण गेले ते पाहून दुरुस्ती करायची. डोंबिवलीचा थोरला डोंबिवलीत मोजला जाणार. हा नियम नसता तर देशाची लोकसंख्या मोजणेच अशक्य झाले असते.

पण फेब्रुवारीचा महिना आमच्या गावांना कसा असतो ते ध्यानात घ्या. भात कापून झालेले, लग्नसराई सुरू व्हायची, परीक्षा जवळ आलेल्या. गाव वर्षभरात सगळ्यांत रिते असते ते याच दिवसांत. २०११ साली ५ मार्चला आम्ही कागद आटपले आणि १९ मार्चला होळी पेटली. शिमग्याला एस.टी. भरभरून आल्या. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि पालखी दारात येते तेव्हा दार उघडे असावे लागते. त्यासाठी माणूस नोकरीवर रजा टाकून येतो. ज्या अंगणात पंधरा दिवसांपूर्वी मी दोन माणसे लिहून घेतली होती, तिथे पंधरा जण पालखी नाचवत होते. आम्ही घरातली माणसे मोजली होती, पालखी घरची मोजत होती.

दुसरीही एक बाजू आहे. त्याच फेब्रुवारीत आंब्याच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी कामगार असतात, मच्छीमार बोटींवर परप्रांतीय खलाशी असतात. त्या मुदतीत ते इथे राहत असतील आणि दुसरीकडे मोजले गेले नसतील तर नियमाप्रमाणे ते इथेच मोजले जातात. ते योग्यच आहे, गावात घाम गाळणारा माणूस गावातच मोजला पाहिजे. पण बागेचा राखणदार गावच्या लोकसंख्येत आणि बागेच्या मालकाचा मुलगा ठाण्याच्या लोकसंख्येत, अशी आमच्या गावांची आजची घडण आहे, आणि ती नुसत्या एका बेरजेतून कळत नाही.

गावात लोकसंख्या सांगणारी दप्तरे तरी किती आहेत पाहा. जनगणनेचा आकडा एक. मतदारयादी दुसरी; कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, आणि कित्येक चाकरमान्यांनी ते गावीच ठेवले आहे. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या येतात त्या याच लोकांच्या. रेशनकार्डांची नोंद तिसरी. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, ही चौथी. तिच्यात कुलूपबंद घरही असते आणि त्याची पट्टी मुंबईहून येत असते. ही चार दप्तरे शेजारी शेजारी ठेवली तर एकाच गावाची चार वेगवेगळी चित्रे दिसतात. त्यांतले कोणतेही खोटे नाही. फक्त सरकारदरबारी वजन असते ते पहिल्याला.

त्यातही एक बारकी गोष्ट आहे. जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव. प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे लोकसंख्या छापली जाते. जिथे कोणीच राहत नाही अशा गावाला महसुली दप्तरात ‘बेचिराख’ असा शब्द आहे. पण कोकणात माणूस राहतो तो वाडीत, आणि वाडीला असा क्रमांक नाही. डोंगराच्या कुशीतली पंधरा घरांची वाडी ओस पडली आणि रस्त्यालगतच्या वाडीत चार बिऱ्हाडे वाढली, तर गावाच्या आकड्यात हललेले काहीच दिसत नाही. वाडी कधी बेचिराख झाली त्याची तारीख कोणत्याच पुस्तकात नसते.

तुम्ही म्हणाल, आकडा आकड्याच्या जागी, माणसे माणसांच्या जागी. एवढे का मनाला लावून घ्यायचे? तर त्या आकड्याला काय काय टांगलेले आहे ते सांगतो.

ग्रामपंचायतीचे सदस्य किती, सात की नऊ की सतरा, ते लोकसंख्येवर ठरते. चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगांनी स्थानिक संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले. डोंगराळ भागात आरोग्य उपकेंद्र तीन हजार वस्तीला एक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र वीस हजारांना एक, असे निकष आहेत. विधानसभेच्या जागा घ्या. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच झाल्या. खेड आणि संगमेश्वर हे स्वतंत्र मतदारसंघ गेले. तेव्हा तर जिल्ह्याची लोकसंख्या घटलीही नव्हती, राज्याच्या मानाने कमी वाढली होती इतकेच.

यावर कोणी विचारेल, जिथे माणसे जास्त तिथे पैसा आणि जागा जास्त, यात अन्याय कसला? अन्याय आहे असे मी म्हणत नाही. विरार-नालासोपाऱ्यातली माणसे ही आमचीच माणसे आहेत, त्यांना पाणी, रस्ते, लोकल मिळालेच पाहिजे. माझे म्हणणे निराळे आहे. काही गोष्टींचा खर्च डोक्यांच्या हिशेबाने कमी होत नाही. वाडीपर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ता शंभर माणसांना लागतो तेवढाच तीस माणसांनाही लागतो. पऱ्यावरचा साकव वाहून गेला तर तो पूर्ण लांबीचाच बांधावा लागतो, निम्मी माणसे गेली म्हणून निम्मा बांधून चालत नाही. विजेचे खांबही तेवढेच. उलट मागे राहिलेली माणसे म्हातारी असतील तर त्यांना डॉक्टर जवळ हवा, दूर नव्हे.

पाण्याचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो. जांभ्या दगडातून पाणी थांबत नाही, ते उतारावरून समुद्राला मिळते. आता नेमके मे महिन्यातच काय होते? शाळांना सुट्ट्या लागतात आणि चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात. आंबे असतात, लग्ने असतात, देवाच्या पूजा असतात. विहिरीला वर्षातले सर्वांत कमी पाणी आणि गावात वर्षातली सर्वांत जास्त माणसे, ही गाठ एकाच महिन्यात पडते. माणशी रोजचे ५५ लिटर हा जलजीवन मिशनचा हिशेब. पण माणशी म्हणजे कोणत्या माणशी? योजना आखताना फेब्रुवारीतल्या माणसांचाच विचार झाला तर मेमध्ये नळ कोरडा राहणार, आणि गावकरी म्हणणार की योजनाच खोटी.

शाळेची गोष्ट बोलताना मला थोडे जड जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे ठरले. आमच्या वाड्यांतल्या शाळांत कुठे सात मुले, कुठे चार. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विषय शासनाने मांडला. चार मुलांच्या शाळेत मुलांना खेळायला गडी मिळत नाही, एकच मूल चौथीत असते तेव्हा ते कोणाशी स्पर्धा करणार, हा मुद्दा मला शिक्षक म्हणून मान्य आहे. पण जुलै महिन्यात सहा वर्षांचे पोर पऱ्या ओलांडून पलीकडच्या गावी कसे जाणार, हे ठरवण्याआधी शाळा बंद झाली तर काय होते तेही मी पाहिले आहे. आई मुलाला घेऊन विरारला नवऱ्याकडे जाते. शाळा बंद झाली म्हणून कुटुंब गेले, आणि कुटुंब गेले म्हणून पुढच्या वर्षी शेजारच्या शाळेचा पट घटला. आकडा घटला म्हणून सोय काढली, आणि सोय काढली म्हणून आकडा आणखी घटला. हे चक्र एकदा फिरू लागले की त्याला थांबवणारा कोणी उरत नाही.

२०२० साली हे चक्र काही महिने उलटे फिरले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेपासून माणसे मिळेल त्या वाहनाने, काही तर चालत, गावाकडे आली. ज्या शाळांत पट नाही म्हणून चिंता होती, त्याच शाळांच्या खोल्यांत चौदा-चौदा दिवस माणसे ठेवली गेली. त्या वेळी आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंच्या यादीत अचानक दुप्पट घरे उघडी झाली. गावाने आधी रस्ते अडवले, भांडणेही झाली, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पुढे त्याच गावाने त्यांना तांदूळ दिला, विहीर दिली. संकटात घरची माणसे घरातली झाली. वर्षानुवर्षे ज्यांची नोंद नव्हती त्यांची जबाबदारी एका महिन्यात गावावर आली, आणि गावाकडे त्यांची साधी यादीसुद्धा नव्हती.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत.

पहिली, आकडा फुगवण्याचा मोह टाळा. २०११ मध्ये मला एकाने सुचवले होते, ‘गुरुजी, मुंबईवाल्यांची नावं पण टाका. गावाचा आकडा वाढेल, निधी वाढेल.’ त्यात गावावरचे प्रेमच होते, पण मी नावे टाकली नाहीत. एक माणूस दोनदा मोजला गेला तर तो दोन्ही ठिकाणी खोटा ठरतो. शिवाय फुगवलेल्या आकड्यामुळे आपली खरी अडचण झाकली जाते. गाव भरलेले आहे असे कागदावर दिसले तर म्हातारे एकटे आहेत हे कोणाला कळणार? २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरला. स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही त्यात जाहीर झाली. म्हणजे आता हा मोह टाळणे आणखी गरजेचे आहे. शिमगा त्या वर्षीही मोजणीनंतरच आहे. गाव रिते असतानाचाच आकडा लागेल. लागू द्या. जो आहे तो खरा लागू द्या.

दुसरी गोष्ट ही की जनगणना जे मोजू शकत नाही ते गावाने स्वतः मोजावे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवायची, वाडीवार. कोणते घर बारा महिने उघडे, कोणते फक्त गणपतीला आणि मेमध्ये उघडे, कोणते दहा वर्षे बंद. एकट्याने राहणारी म्हातारी माणसे कोणती आणि त्यांच्यासाठी रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा. कोणत्या वाडीत मे महिन्यात किती माणसे वाढतात. पडीक शेत कोणाचे, आणि तो ते दुसऱ्याला कसायला द्यायला तयार आहे का. बागांत राखणीला आलेल्या कुटुंबांत शाळेच्या वयाची मुले किती. ही वही वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवायची. पाणी योजनेचा, शाळेचा किंवा साकवाचा विषय घेऊन तालुक्याला जाताना ती सोबत न्यायची. ‘आमच्या गावात माणसे खूप आहेत’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘फेब्रुवारीत या वाडीत बत्तीस आणि मेमध्ये एकशेवीस’ असे सांगितले की ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही काहीतरी हाती लागते.

या कामात मुंबईकरांनी हात द्यायला हवा. कोकणातल्या बहुतेक गावांचे मुंबईत मंडळ असते. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीचे नवे रूपे लावणे, क्रिकेटचे सामने, वह्यावाटप ही कामे ही मंडळे वर्षानुवर्षे मनापासून करत आली आहेत. त्यांच्याकडे आपल्या गावच्या माणसांची यादी असते, पत्ते असतात. घरची माणसे कोण हे त्यांना ठाऊक आहे आणि घरातली कोण हे गावाला. या दोन याद्या अजून एकत्र आलेल्या नाहीत. त्या आल्या तर जिल्ह्याची खरी लोकसंख्या पहिल्यांदा कळेल, आणि देवळाच्या कळसाला जेवढे पैसे जमतात त्यातले थोडे म्हाताऱ्यांच्या औषधाकडे, पाण्याच्या टाकीकडे वळवणे सोपे जाईल.

गेलेली माणसे परत बोलवावीत असे मी म्हणणार नाही. पोटासाठी जो गेला तो हौसेने गेला नाही, आणि ज्याने तिकडे संसार उभा केला त्याला ‘गावी ये’ असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण जी मागे राहिली आहेत, ती संख्येने कमी आहेत म्हणून त्यांचा रस्ता, त्यांची शाळा आणि त्यांचे पाणी कमी महत्त्वाचे ठरू नये, एवढे तर आपण पाहू शकतो. वाडीत तीस माणसे उरली असतील तर तिथे तीसच लिहा. मात्र त्या तीस जणांत सत्तरीच्या पुढचे किती, पाच वर्षांखालचे किती, आणि पऱ्याच्या पलीकडे राहणारे किती, हेही लिहा. पुढच्या मोजणीचे दिवस येण्याआधी आपापल्या वाडीची अशी एक वही तयार झाली, तर हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.